गावकामासाठी एकत्र येताना: बेळगाव सीमाभागातील नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात माणसे गोळा करणे कधीच अवघड गेलेले नाही. गणेशोत्सव असो, वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो किंवा गावची लक्ष्मीयात्रा असो, वर्गणी जमते, मांडव उभा राहतो, महाप्रसादाच्या पंगती उठतात आणि चार दिवसांत सारे आवरलेही जाते. तीच माणसे शाळेचे कुंपण, तळ्याचा बांध किंवा स्मशानभूमीतील झाडे हाती घेतात, तेव्हा मात्र पहिल्या रविवारचा उत्साह महिनाभरही टिकत नाही. उत्सवाला तिथी असते आणि शेवटही असतो. सार्वजनिक कामाला मात्र उद्घाटनानंतरची देखभाल असते आणि तिचा विचार आरंभी कोणी केलेला नसतो. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारायला हवा: हे काम झाल्यानंतर ते सांभाळणार कोण?

आधी चालू असलेल्या गटात शिरा

नवे मंडळ काढण्याची घाई करू नका. जवळजवळ प्रत्येक गावात तरुण मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ, देवस्थानची पंच कमिटी, स्त्रीशक्ती संघ (महिला बचत गट) आणि शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती, यांपैकी तीन-चार तरी गट असतातच. महाविद्यालयात शिकत असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक हा सर्वांत सोपा प्रवेश आहे, कारण तिथे वर्षाला १२० तासांचे काम आणि एका गावातील सात दिवसांचे शिबिर आधीच आखलेले असते व कार्यक्रमाधिकारी जबाबदार असतात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालत आले आहे. इतक्या जुन्या संस्थेत एखादे वर्ष सभासद म्हणून वावरले तरी सभेचे इतिवृत्त कसे लिहितात, हिशेब कसा मांडतात आणि मतभेद असूनही पुढचा दिवस कसा चालतो हे जे कळते, ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात कळत नाही.

गटात जाताना "मला समाजकार्य करायचे आहे" असे मोघम बोलू नका, कारण त्यावर समोरच्याला काय सांगावे हेच कळत नाही. "अण्णा, रविवारी सकाळी दोन तास मी मोकळा आहे, मोटारसायकल आहे आणि कन्नड अर्ज लिहिता येतो, काही काम असेल तर सांगा," असे म्हणालात तर त्याच आठवड्यात काम मिळेल. पहिला हंगाम तुमच्याकडे सतरंज्या उचलण्याचे आणि निरोप पोहोचवण्याचे काम येईल, आणि ते येऊ द्यावे. किल्ल्या कोणाकडे असतात, हिशेबाची वही कोण लिहितो, कोणाचा शब्द गल्लीत चालतो आणि कोणते दोन माणूस एकमेकांशी बोलत नाहीत, हे सारे त्याच काळात उमगते.

काम निवडणे

गावाची एक फेरी पायी मारा आणि जे दिसते ते वहीत उतरवा. त्यानंतर तीन ठिकाणी विचारा: पाणी भरणाऱ्या बायकांना, मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडीच्या बाईंना. चौकात बसणाऱ्यांना शेवटी विचारा; त्यांना कमान आणि स्वागतफलक आधी सुचतात. आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे ते काम कोणाच्या जागेत आहे, किती दिवसांचे आहे आणि वर्षभरानंतर त्याला काय लागेल, हे लिहा. तिसऱ्या मुद्द्यापुढे रकाना कोरा राहिला तर ते काम तूर्त बाजूला ठेवा, मग ते कितीही चांगले असो.

हा जिल्हा एकसारखा नाही, हेही ध्यानात असू द्या. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस, तांबडी माती आणि जंगल आहे. पूर्वेला अथणीकडे काळी जमीन आणि पाण्याची ओढ आहे. मधल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगा दर पावसाळ्यात कमी उंचीचे पूल पाण्याखाली घेतात. खानापूरच्या गावात यशस्वी झालेली वृक्षलागवडीची पद्धत अथणीत जशीच्या तशी चालत नाही, आणि अथणीतले शेततळ्याचे प्रयोग जांबोटीत निरर्थक ठरतात.

दोन प्रकारच्या कामांपासून नव्या गटाने दूर राहिलेले बरे. पहिला प्रकार म्हणजे जी कामे उद्योग खात्री, म्हणजे रोजगार हमी योजनेतून मजुरी देऊन होऊ शकतात ती. तळ्यातील गाळ काढणे, पाणंद रस्त्यावर माती टाकणे, समपातळी चर खोदणे ही कामे शहरातून आलेल्या उत्साही मंडळींनी रविवारी फुकट केली, तर गावातील भूमिहीन कुटुंबांची हक्काची मजुरी बुडू शकते आणि त्याचा राग येणे साहजिक आहे. अशा वेळी गटाने काम स्वतः न करता ते पंचायतीच्या आराखड्यात घालण्यासाठी पाठपुरावा करावा. मेहनत तेवढीच लागते, फक्त ती खोऱ्याऐवजी कागदावर होते. दुसरा प्रकार म्हणजे गटार किंवा मैल्याच्या टाकीत उतरून केलेली सफाई. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि स्वयंसेवकाच्या जिवालाही तितकाच धोका असतो. तुंबलेल्या गटारीसाठी तक्रार द्या, तिचा पाठपुरावा करा. आत उतरू नका.

जागा कोणाची, हे आधी शोधा

बहुतेक चांगली कामे या एका मुद्द्यावर अडतात, म्हणून येथे थोडे थांबू. गावातील मोकळी दिसणारी जागा कधीच मोकळी नसते. ती ग्रामपंचायतीची असेल, गायरान असेल, वन खात्याची असेल, देवस्थानची असेल आणि ते देवस्थान मुजराई, म्हणजे सरकारी देवस्थान खात्याकडे असेल, किंवा चार पिढ्यांपूर्वी वाटणी न झालेल्या एखाद्या कुटुंबाची असेल. सर्व्हे क्रमांक माहीत असेल तर जमीन नोंदींच्या 'भूमी' प्रणालीतून आरटीसी, म्हणजे सातबारासारखा उतारा काढता येतो आणि त्यावर मालकाचे नाव दिसते. उतारा कन्नडमध्ये असतो, तेव्हा वाचता येत नसेल तर अंदाजाने अर्थ लावू नका, जाणकाराला दाखवा. तलाठ्याला जागेवर घेऊन जाऊन हद्द विचारणे अधिक चांगले, कारण कागदावरची हद्द आणि शेजाऱ्याने बांध कोरून पुढे आणलेली हद्द या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

बेळगाव शहरात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. रस्त्याच्या एका बाजूला महानगरपालिका आणि दुसऱ्या बाजूला कॅन्टोन्मेंट बोर्ड असे कॅम्प भागात घडते. रेल्वेरुळांलगतची पट्टी रेल्वेची असते. उपनगरांतील काही बागा अजून पालिकेकडे हस्तांतरितच झालेल्या नसतात. खानापुरात पट्टण पंचायत, निपाणीत नगरपालिका आणि त्यांच्या हद्दीबाहेर पाऊल टाकताच ग्रामपंचायत. अर्ज चुकीच्या कार्यालयात दिला तर तो कोणी नाकारत नाही, फक्त तो तिथेच पडून राहतो आणि तीन महिने जातात.

जुन्या वास्तूंबाबत विशेष सावध असावे. किल्ला, कदंबकालीन देऊळ किंवा पायविहीर संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीखेरीज तिथला दगडही हलवू नये. परवानगी मिळाली तरी भिंतीतून उगवलेले वड-पिंपळ उपटू नयेत. मुळांबरोबर दगड बाहेर येतो आणि पुढच्या पावसात भिंत ढासळते. रोप बुंध्याशी कापावे आणि पुढील उपचार तज्ज्ञांवर सोडावा. आपल्या भागात वेशीवर, तळ्याच्या काठावर वीरगळ मोठ्या संख्येने आढळतात. त्यांना स्वच्छतेच्या नावाखाली ऑइल पेंट फासण्याची जी हौस आहे ती कृपया आवरावी.

अर्ज आणि पोच

परवानगी तोंडी मिळाली तरी कागद द्यावा. ग्रामपंचायतीत अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पीडीओंच्या नावे करावा आणि त्याची प्रत अध्यक्षांना द्यावी. अर्ज कन्नडमध्ये लिहावा, आणि गटाच्या फाइलमध्ये त्याची मराठी प्रत ठेवावी, म्हणजे आपण नेमके काय मागितले हे सर्व सभासदांना कळते. भाषेचा प्रश्न सीमाभागात किती खोल आहे हे येथील वाचकाला सांगण्याची गरज नाही. १९५६ पासूनचा इतिहास प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि त्याबाबत प्रत्येकाने आपापले मत बाळगावे, मांडावे. परंतु विहिरीच्या कामाच्या बैठकीत तो विषय निघाला की विहीर राहते बाजूला. ज्या गटात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे सारे आहेत, त्या गटाची कामे कार्यालयांत लवकर होतात असे माझे निरीक्षण आहे, आणि कामाच्या ठिकाणचा फलक मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असला की तो उखडलाही जात नाही.

अर्जात पाच-सहा गोष्टी असाव्यात: जागेचे वर्णन आणि सर्व्हे क्रमांक, नेमके काम, ते कोणत्या तारखांना होईल, किती माणसे येतील, खर्च कोण करणार आणि पंचायतीकडून काय अपेक्षित आहे. शेवटचा मुद्दा स्पष्ट लिहावा, उदाहरणार्थ, "गोळा झालेला कचरा नेण्यासाठी पंचायतीचे वाहन त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता मिळावे." असे न लिहिल्यास कचऱ्याचे ढीग तिथेच राहतात, वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत सारे पूर्ववत होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

काम मोठे असेल तर ते ग्रामसभेत मांडावे. कर्नाटकच्या पंचायत राज कायद्यानुसार ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी, आणि तिच्याआधी वॉर्डसभा असते. वॉर्डसभेला गर्दी नसते, त्यामुळे तिथे तुमचे म्हणणे शांतपणे ऐकले जाते. हा मार्ग फार थोडे लोक वापरतात.

माणसे आणि मुहूर्त

बारा ते पंधरा जणांचा नियमित येणारा गट हा कामाचा गट होय. पन्नास जणांचा व्हॉट्सअॅप समूह म्हणजे गट नव्हे. प्रत्येकाकडून वेळ मागताना ती मोजून मागा: महिन्यातून दोन रविवार, सकाळी साडेसहा ते साडेनऊ. कामाची वाटणीही पहिल्याच बैठकीत व्हावी: एक जण अवजारे सांभाळील, एक जण हजेरी आणि हिशेब लिहील, एक जण कार्यालयांकडे जाईल आणि एक जण केवळ नव्या माणसांकडे लक्ष देईल. हे शेवटचे काम बहुतेक गटांत कोणाकडेच नसते. नवा मुलगा येतो, कोपऱ्यात उभा राहतो, त्याच्या हातात कोणी खोरे देत नाही आणि पुढच्या वेळी तो येत नाही. बायकांना केवळ चहा-उप्पिटाच्या व्यवस्थेत गुंतवणारे गटही असेच अर्धे रिकामे होतात.

तारखा शेतीच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवा. पश्चिम भागात मे अखेरीस धूळवाफ पेरणी, जुलैमध्ये भातरोपांची लावणी आणि दिवाळीनंतर सुगी असते. निपाणीकडे थंडीत तंबाखूची कामे असतात. ऊसतोडीच्या दिवसांत तर घरात माणूस सापडत नाही. या काळात श्रमदान ठेवणे म्हणजे रिकाम्या मैदानावर फलक लावणे होय. गावात यात्रेनिमित्त वार पाळणूक चालू असेल तर पंच मंडळींना आधी विचारा. त्या दिवशी शेतातली कामे बंद असतात म्हणून माणसे मोकळी असतात खरी, पण माती खणण्यालाही त्यांची हरकत असू शकते. अशा दिवशी वाचनालयाची पुस्तके लावणे किंवा समुदाय भवनात बैठक घेणे यांसारखी कामे ठेवता येतात. एप्रिल आणि मे हे सर्वांत सोयीचे महिने, कारण शाळांना सुट्टी असते आणि पाऊस यायचा असतो.

कामाचा दिवस

आदल्या संध्याकाळी अवजारे मोजून एका ठिकाणी आणा: कुदळी, खोरी, बुट्ट्या, पहार, विळे, हातमोजे, पाण्याचे कॅन आणि प्रथमोपचार पेटी. दोघांत एक खोरे आणि एक बुट्टी हे प्रमाण पुरते; सर्वांना खोरी दिली तर माती उपसली जाते पण वाहिली जात नाही. सकाळी आल्याबरोबर हजेरी, मग पाच मिनिटांत आज नेमके किती काम करायचे ते सांगावे आणि त्याची हद्द चुना टाकून दाखवावी. आखलेले काम संपले की थांबावे. आणखी थोडे करू या म्हणून ऊन चढेपर्यंत ताणले तर पुढच्या रविवारी निम्मी माणसे येत नाहीत.

काँग्रेस गवत उपटताना हातमोजे आणि नाकावर रुमाल असावा, कारण त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. ते फुलावर येण्याआधी उपटावे. दगडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने ढोसून पाहावे, घोणस आणि नाग दोन्ही आपल्याकडे आहेत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे यांत वेळ न घालवता १०८ वर फोन करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. खानापूरच्या जंगलालगत अस्वले आणि गवे असतात, तिथे पूर्ण उजाडल्याशिवाय कामाला जाऊ नये. प्रत्येक सभासदाने बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतलेली असावी. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते आणि हा खर्च गटाने केला तरी परवडतो.

पीव्हीसीच्या फ्लेक्सऐवजी कापडी फलक करा. राज्यात २०१६ पासून प्लॅस्टिकचे फ्लेक्स, पिशव्या आणि ताटे यांवर बंदी आहे, आणि स्वच्छता मोहिमेच्या चहाचे प्लॅस्टिक कप त्याच मैदानावर पडलेले पाहणे फारसे शोभत नाही. स्टीलचे पेले घरून आणायला सांगावे.

दोन कामे जवळून: विहीर आणि रोपे

सार्वजनिक विहीर हे नव्या गटांचे आवडते काम आहे, पण त्यात मोठा धोका आहे. वापरात नसलेल्या विहिरीत विषारी वायू साचलेले असू शकतात. कंदील सोडून ज्योत टिकली म्हणजे उतरायला हरकत नाही, हा समज अपुरा आहे. काही वायूंनी ज्योत विझत नाही आणि काही वायू पेट घेतात. त्यामुळे विहिरीत स्वयंसेवकांनी उतरू नये, अनुभवी विहीर कामगारांना योग्य मजुरी आणि सुरक्षेची साधने देऊन हे काम करून घ्यावे, आणि डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवून कधीही चालवू नये. काठ दुरुस्त करणे, जाळी बसवणे, सांडपाणी वळवणे आणि पाण्याचे निर्जंतुकीकरण ही कामे मात्र गटाला सहज जमतात.

निर्जंतुकीकरणाचे गणित असे करावे. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला खोलीने गुणा, येणाऱ्या संख्येला ३.१४ ने गुणून ४ ने भागा. हे झाले घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर साधारण २८ हजार लिटर पाणी होते. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची पातळ पेस्ट करा, मग बादली तीनचतुर्थांश भरून ढवळा आणि दहा मिनिटे निवळू द्या. तळाला चुना बसतो, तो विहिरीत टाकायचा नाही. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवी-उभी जोरात हलवा. त्यानंतर किमान एक तास कोणी पाणी शेंदू नये, म्हणून हे काम रात्री केलेले उत्तम. उघड्या पाकिटातील जुनी पावडर निकामी झालेली असते. पुरात बुडालेल्या विहिरीला हे प्रमाण पुरत नाही. ती उपसून, आरोग्य खात्याच्या सल्ल्याने अधिक मात्रा देऊन आणि पाणी तपासूनच वापरात आणावी.

रोपांबाबत बहुतेक गट चुकतात ते संख्येत. शंभर रोपे लावणे एका सकाळचे काम आहे. परंतु फेब्रुवारी ते मे या काळात प्रत्येक रोपाला आठवड्याला पंधरा लिटर पाणी धरले तरी शंभर रोपांना दर आठवड्याला दीड हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या शंभर घागरी पाणी लागेल, आणि हे किमान दोन उन्हाळे चालवायचे असते. हे पाणी कोठून, कोण, कशाने आणणार याचे उत्तर असेल तेवढीच रोपे लावा. दहा जणांच्या गटाने पंचवीस रोपे लावून ती वाढवली तर ते मोठे काम झाले. खड्डे मे महिन्यात खणून ठेवावेत, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. वरची सुपीक माती एका बाजूला आणि खालची मुरमाड माती दुसऱ्या बाजूला काढावी. मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर वरची माती आणि कुजलेले शेणखत घालून रोप लावावे. घाटमाथ्याकडे जांभूळ, फणस, आंबा. कोरड्या भागात कडुनिंब, करंज, चिंच. वन खात्याच्या रोपवाटिकेत मागणी आधी नोंदवावी लागते, जूनमध्ये गेल्यास उरलीसुरली रोपे हाती पडतात. गावात शेळ्या असतील तर काटेरी कुंपणाचा खर्च रोपाच्या किमतीहून जास्त येतो. तो आधी धरा.

शाळेत काम करताना

मराठी प्राथमिक शाळांचा पट घटत चालला आहे, म्हणून शाळेसाठी काही करावे असे अनेकांना वाटते. मुख्याध्यापक आणि एसडीएमसी यांच्या ठरावाशिवाय शाळेत कोणतेही काम सुरू करू नये, आणि बांधकाम असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचीही संमती घ्यावी. भिंतींवर चित्रे काढणे फोटोत छान दिसते; परंतु मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, दार आणि आतून लागणारी कडी असणे यांचा उपयोग कितीतरी अधिक आहे. आधी ते पाहा. मुलांना वाचून दाखवणे किंवा गणित शिकवणे असेल तर आठवड्याचा एक ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि वर्षभराची खात्री हवी, अन्यथा मुले वाट पाहत राहतात. कोणताही प्रौढ स्वयंसेवक एकट्या मुलासोबत बंद खोलीत असू नये, आणि मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कोठेही टाकू नयेत. हा नियम सर्वांना सारखा लावावा, ओळखीच्या माणसालाही.

पुराच्या दिवसांत

२०१९ च्या ऑगस्टमधील पुराने या जिल्ह्याने फार सोसले, आणि त्यात मंडळांनी केलेली मदतही सर्वांनी पाहिली. त्या अनुभवावरून काही गोष्टी नक्की सांगता येतात. कृष्णाकाठी पाणी वरच्या धरणांच्या विसर्गाप्रमाणे चढते, त्यामुळे थोडी सवड मिळते. मार्कंडेय आणि मलप्रभेच्या वरच्या अंगाला ते तासाभरातही चढू शकते. वाहत्या पाण्यात स्वयंसेवकाने उतरू नये. बचाव हे अग्निशमन आणि आपत्ती दलांचे काम आहे, त्यासाठी ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वापरावा. गटाने काळजी केंद्रावर, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रावर काम मागावे: नोंदणी, जेवणाची रांग, वृद्धांची औषधे आणि जनावरांची वैरण. मदत म्हणून जुने कपडे आणू नका, त्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजतात. सॅनिटरी पॅड, सतरंज्या, टॉर्च, क्लोरीनच्या गोळ्या आणि कडबा यांची विचारपूस करून तेवढेच आणा.

पाणी ओसरल्यावरची घरांची साफसफाई हे खरे श्रमदान आहे, आणि नेमक्या त्याच वेळी मदतीच्या गाड्या थांबलेल्या असतात. घरात शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद आहे का ते पाहावे आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. गमबूट आणि हातमोजे वापरावेत, पायाला जखम असणाऱ्याने चिखलात उतरू नये, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. काम केल्यानंतर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पुरात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

पैसा आणि नोंदणी

पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नयेत, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो. दोघांच्या सह्यांचे खाते, क्रमांक असलेले पावतीपुस्तक आणि दर महिन्याला मारुती मंदिराच्या फलकावर लावलेला जमाखर्च एवढी व्यवस्था पुरते. दहा रुपयांच्या खिळ्यांचीही नोंद करावी; मोठ्या रकमांवरून क्वचितच भांडणे होतात, चहाच्या बिलावरून नेहमी होतात. निवडणुकीच्या वर्षी कोणी उमेदवार मोठी देणगी घेऊन आला तर ती नम्रपणे निवडणूक होईपर्यंत पुढे ढकलावी.

नोंदणीची घाई नको. दोन वर्षे काम टिकले, बाहेरून निधी मिळण्याची वेळ आली, तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सभासदांची संस्था सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे नोंदवता येते. त्यानंतर दरवर्षी हिशेब आणि कार्यकारिणीची यादी सादर करावी लागते. ते लिहिणारा माणूस गटात असेल तरच या वाटेला जावे. परदेशातील नातेवाइकाच्या मित्रांकडून देणगी येणार असेल तर त्यासाठी केंद्राची स्वतंत्र परवानगी लागते, तेव्हा ती आधी घेतल्याशिवाय रक्कम स्वीकारू नका.

काम सोपवणे

काम पूर्ण झाले की एक छोटा सोपवणीचा कार्यक्रम करा, पण भाषणांचा नव्हे. ज्यांनी ते पुढे सांभाळायचे आहे ते पीडीओ, मुख्याध्यापक किंवा पंच मंडळी जागेवर येऊन पाहतील, आणि एका कागदावर काय झाले, त्याला किती खर्च आला, काय शिल्लक आहे आणि देखभाल कोण करील हे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या होतील. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाच्या स्वयंसेवकांनी तिथली व्यवस्था पाहिली होती. त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही उभी आहे, ती नंतर कोणाच्या तरी ताब्यात आणि देखरेखीत राहिली म्हणून. सोपवणीच्या कागदासोबत कुलपाची एक किल्ली, प्लंबरचा आणि गवंड्याचा फोन क्रमांक, उरलेला रंग आणि साहित्याची बिले द्यावीत. पहिल्या पाहणीची तारीख त्याच कागदावर लिहावी, शक्यतो पाऊस संपल्यावरचा ऑक्टोबरमधील एखादा रविवार, आणि त्या दिवशी पाहणीला कोण दोघे जातील त्यांची नावेही.